वर ड्रोन, खाली आपण : ड्रोनला पॅराशूट असतं का, आणि मुंबईच्या उपनगरात ते किती कामाचं?

बोरिवलीतलं लग्न. हॉलबाहेर वरात थांबलीये, बेंजो पार्टी फुल्ल जोरात, नवरदेवाचे मित्र घामाघूम. तेवढ्यात डोक्यावर घूंऽऽ असा आवाज येतो आणि सगळ्यांच्या माना वर होतात. फोटोग्राफर ओरडतो, "वर बघा, हात हलवा!" मग काकांपासून करवल्यांपर्यंत सगळे ड्रोनकडे बघून हात हलवतात. रात्री रील पडते, लाईक्स येतात, विषय संपतो.

या सगळ्यात एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. हा ड्रोन आत्ता, या क्षणी बंद पडला तर?

उत्तर अगदी साधं आहे. तो पडेल. तरंगत नाही, घिरट्या घेत नाही, सरळ दगडासारखा खाली येईल. आणि खाली आपण उभे आहोत.

यावर जगभरात एक उपाय वापरला जातो, तो म्हणजे ड्रोनच्या पाठीवर बसवलेलं आपत्कालीन पॅराशूट. यूट्यूबवर त्याचे व्हिडिओ बघितले की वाटतं, झालं, प्रश्न मिटला. ड्रोन बिघडतो, फट्कन रंगीत छत्री उघडते, ड्रोन अलगद गवतावर उतरतो. पण त्या व्हिडिओत नेहमी मोकळं मैदान असतं. अंधेरी स्टेशनचा पूर्व भाग नसतो. म्हणून ही भानगड नेमकी काय आहे आणि आपल्या उपनगरांत ती कितपत चालते, ते जरा नीट बघू.

विमान तरंगतं, मग ड्रोन का नाही?

विमानाचं इंजिन बंद पडलं तरी त्याला पंख असतात. त्यांच्या जोरावर ते काही अंतर घसरत जाऊ शकतं. हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं तरी खालून वर येणाऱ्या हवेने मोठा पंखा फिरत राहतो आणि कसलेला पायलट त्याच्या जोरावर उतरू शकतो.

चार पंख्यांच्या ड्रोनकडे यातलं काहीच नाही. पंख नाहीत आणि पंखे इतके छोटे की मोटर थांबली की त्यांचा उपयोग शून्य. तो हवेत टिकतो तो फक्त चारही मोटरींचा वेग सेकंदाला शेकडो वेळा कमी-जास्त करणाऱ्या कॉम्प्युटरच्या जिवावर. 'थ्री इडियट्स'मधला जॉय लोबोचा ड्रोन आठवतोय? तो पडद्यावर उडवला होता आयडियाफोर्ज या कंपनीने. पवईच्या आयआयटीत शिकलेल्या मुलांनी २००७ मध्ये काढलेली ही कंपनी २०२३ मध्ये शेअर बाजारात पोहोचली. म्हणजे भारतातल्या ड्रोनच्या धंद्याचं एक मोठं मूळ आपल्या उपनगरातच आहे. त्या सिनेमातल्यासारखा चार पंख्यांचा ड्रोन घेतला आणि एक पंखा तुटला, तर साधारणपणे तो गरगरत खाली येतो. सहा किंवा आठ पंख्यांचे मोठे ड्रोन एखादी मोटर गेली तरी सावरू शकतात. पण बॅटरीच मेली तर सहा काय आणि आठ काय.

बिघाडाची कारणंही फार अद्भुत नसतात. बॅटरीतला एखादा सेल अचानक बसतो. पंख्याला आधीच्या लँडिंगमध्ये गेलेला बारीक तडा वर गेल्यावर उघडतो. इमारतींच्या दाटीत जीपीएस गडबडतं. लोखंडी सांगाड्याजवळ कंपास चुकतो. जानेवारीत पतंगाचा मांजा लागतो. घारीला स्वतःच्या हद्दीत आलेला हा प्राणी आवडत नाही.

थोडं गणित, पण सोपं

समजा दोन किलोचा ड्रोन २०० फुटांवर, म्हणजे साधारण ६० मीटरवर आहे. ढोबळमानाने वीस मजल्यांची उंची. तिथून तो पडला आणि हवेचा विरोध सोडून दिला, तर जमिनीशी वेग भरतो ताशी १२० किलोमीटरच्या आसपास. खरं तर हवा त्याला थोडं अडवते, त्यामुळे आकडा कमी होतो, पण अंदाज यायला पुरे. आघाताची ऊर्जा होते साधारण ११७५ ज्यूल.

ज्यूल म्हटलं की डोळ्यासमोर काही येत नाही. म्हणून नारळ घ्या. दीड किलोचा शहाळ्यासकटचा नारळ १५ मीटरच्या झाडावरून पडला तर ऊर्जा होते २२० ज्यूल. गोराईत, मढला किंवा तुमच्या सोसायटीत नारळाखाली कोणी गाडीसुद्धा लावत नाही. ड्रोनचं गणित त्याच्या पाचपट आहे.

आता त्याच ड्रोनचं पॅराशूट उघडलं आणि तो सेकंदाला पाच मीटर या वेगाने खाली आला, तर ऊर्जा उरते फक्त २५ ज्यूल. म्हणजे जवळपास सत्तेचाळीसपट कमी. छातीच्या उंचीवरून हातातून निसटल्यासारखं. पायावर पडला तर कळवळाल, डोक्यावर पडला तर टेंगूळ किंवा टाके, पण बहुतेक वेळा जीव वाचेल. त्यासाठी लागणारं कापडही फार नाही, सव्वा ते दीड मीटर व्यासाचं, म्हणजे चहाच्या टपरीवरच्या छत्रीपेक्षाही छोटं.

कागदावर इतका स्वस्तात जीव वाचत असेल तर मग अडतं कुठे? ते पुढे येतंच.

हे सगळं आपल्यालाच का जाचतं?

२८ जून २०१८ ची दुपार घाटकोपरकरांना आठवत असेल. जुहूवरून चाचणीसाठी उडालेलं किंग एअर सी-९० हे छोटं विमान घाटकोपर पश्चिमेत एका बांधकामाच्या जागेवर कोसळलं. विमानातले चौघे गेले. आणि पाचवा गेला तो रस्त्यावरून चालणारा एक माणूस. त्याचा त्या विमानाशी काडीचा संबंध नव्हता.

विमान आणि ड्रोन यांची तुलना होऊ शकत नाही, हे मान्य. पण त्या दुपारी जे दिसलं ते ड्रोनलाही लागू आहे. उपनगरात वरून पडणाऱ्या वस्तूला रिकामी जागा सापडत नाही. शेतावर औषध फवारणारा ड्रोन पडला तर कापसाची चार झाडं मोडतात. घाटकोपरला पडला तर तो कोणाच्या तरी पत्र्यावर, गॅलरीत, रिक्षावर किंवा डोक्यावरच पडणार.

आणि हे काल्पनिक भय नाही. २२ डिसेंबर २०१५ ला इटलीतल्या एका स्कीइंग स्पर्धेत ऑस्ट्रियाचा मार्सेल हिर्शर उतारावरून येत असताना टीव्हीच्या चित्रीकरणाचा ड्रोन त्याच्या अगदी पाठीमागे आदळला. एखाद्या क्षणाचा फरक होता. तो व्हिडिओ अजून फिरतो. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत ऑर्लँडोला नाताळच्या ड्रोन शोमधले ड्रोन एकमेकांवर आपटून खाली पडले आणि सात वर्षांच्या एका मुलाच्या छातीला इतकं लागलं की त्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया करावी लागली. तेही प्रेक्षकच होते, आपल्यासारखे वर बघणारे.

पॅराशूट उघडतं कसं?

इथे एक गैरसमज आधी काढू. ड्रोनवाले म्हणतात, "साहेब, सिग्नल गेला तरी हा आपोआप घरी येतो." ते खरं आहे, पण ती वेगळी सोय आहे. त्यात ड्रोन ठणठणीत असतो, फक्त रिमोटशी त्याचा संपर्क तुटलेला असतो. पॅराशूट आहे ते ड्रोन स्वतःच मेला त्या वेळेसाठी. पहिली सोय आहे म्हणून दुसरी नको, असं होत नाही.

चांगल्या पॅराशूट यंत्रणेला स्वतःची बॅटरी आणि स्वतःचे सेन्सर असतात. कारण ज्या ड्रोनची बॅटरी मेली त्याच्याच बॅटरीवर पॅराशूट चालणार असेल तर त्याचा काय उपयोग? हे सेन्सर सतत बघत असतात की ड्रोन मर्यादेबाहेर कलंडला का, गरगरतोय का, किंवा वजन हरवल्यासारखा मोकळा पडतोय का. लिफ्ट झटक्यात खाली जाताना पोटात जे होतं, तेच त्या सेन्सरला मोजता येतं.

तसं काही दिसलं की दोन गोष्टी लगोलग व्हाव्या लागतात. आधी पंखे थांबवायचे. हे महत्त्वाचं, कारण फिरते पंखे पॅराशूटच्या दोऱ्या गुंडाळून घेतात किंवा कापतात, आणि ते तसेच फिरत खाली आले तर माणसालाही कापतात. मग पॅराशूट वर फेकायचं. फेकायला कुठे दाबून बसवलेली स्प्रिंग असते, कुठे सोडा-वॉटरवाल्या नळकांडीसारखा दाबातला कार्बन डायऑक्साइड, तर कुठे बारूदीचा छोटा बार. नुसतं झाकण उघडून चालत नाही, कारण गरगरणाऱ्या ड्रोनमध्ये कापड बाहेर येऊन त्यालाच गुंडाळलं जाऊ शकतं. ते जोरात लांब फेकावं लागतं. त्याच वेळी भोंगा वाजू लागतो, खालच्या लोकांनी बाजूला व्हावं म्हणून. आपल्याकडे बेंजोच्या आवाजात तो भोंगा कोणाला ऐकू जाणार, हा वेगळा प्रश्न.

ही कल्पना ड्रोनवाल्यांची नाही. कामशेतला पॅराग्लायडिंग करणाऱ्यांना विचारा, प्रत्येकाच्या सीटला एक राखीव पॅराशूट असतं. मुख्य छत्री दुमडली तर ते हाताने फेकायचं. सिरस कंपनीच्या छोट्या विमानांत तर अख्ख्या विमानासाठी पॅराशूट असतं आणि त्याने दोनशेहून जास्त लोकांचे जीव वाचवलेत. फरक इतकाच की तिथे निर्णय माणूस घेतो. ड्रोनमध्ये तेवढा वेळच नसतो.

वेळेचा हिशोब बघा. मोकळी पडणारी वस्तू पहिल्या सेकंदात पाच मीटर खाली येते, दोन सेकंदांत वीस मीटर. एवढ्यात यंत्रणेने बिघाड ओळखायचा, पंखे थांबवायचे, कापड फेकायचं आणि ते हवेने भरायचं. त्यामुळे प्रत्येक पॅराशूटला एक किमान उंची असते. त्याखाली बिघाड झाला तर ते उघडेपर्यंत ड्रोन जमिनीवर आलेला असतो.

आता पुन्हा बोरिवलीच्या वरातीत या. लग्नाचा ड्रोन कुठे असतो? चेहरे दिसायला हवेत म्हणून डोक्यावर दहा-बारा मीटरवर. म्हणजे माणसं जिथे सगळ्यात दाटीने उभी असतात, नेमकं तिथेच पॅराशूट निरुपयोगी ठरण्याची शक्यता सगळ्यात जास्त. २५० ग्रॅमच्या आतला, खेळण्यासारखा दिसणारा ड्रोन बारा मीटरवरून पडला तर ऊर्जा भरते साधारण २९ ज्यूल. म्हणजे ६० मीटरवरून पॅराशूटने उतरलेल्या दोन किलोच्या ड्रोनपेक्षा थोडी जास्तच! अमेरिकेच्या नियमांत लोकांवरून उडणाऱ्या ड्रोनच्या आघाताच्या मर्यादा आहेत. एका वर्गासाठी साधारण १५ ज्यूल, दुसऱ्यासाठी ३४. म्हणजे आपला 'एवढासा तर आहे' म्हणून उडवलेला ड्रोन पहिली मर्यादा कधीच ओलांडून गेलाय. अशा कमी उंचीवर पॅराशूटपेक्षा पंख्यांभोवतीचं जाळीदार कडं जास्त कामाचं, आणि त्याहून जास्त कामाचं म्हणजे ड्रोन गर्दीच्या डोक्यावर नव्हे, बाजूला ठेवणं.

जिथे पॅराशूट होतं, तरी...

स्वित्झर्लंडच्या टपाल खात्याने हॉस्पिटल आणि लॅबच्या दरम्यान रक्ताचे नमुने वगैरे न्यायला ड्रोन वापरले. चार पंख्यांचे, साधारण दहा किलोचे, पॅराशूट लावलेले. जानेवारी २०१९ मध्ये झुरिकमध्ये एका ड्रोनमध्ये बिघाड झाला, पॅराशूट उघडलं आणि तो तलावात उतरला. कोणाला काही झालं नाही. म्हणजे यंत्रणा चालते, असंच कोणालाही वाटेल.

मे २०१९. पुन्हा झुरिक, पुन्हा बिघाड, पुन्हा पॅराशूट बाहेर आलं. पण ड्रोनला पॅराशूटशी जोडणारा दोर कडेला घासून तुटला. पॅराशूट एकीकडे आणि ड्रोन दुसरीकडे. तो झाडीत जिथे आदळला तिथून सुमारे ५० मीटरवर बालवाडीची मुलं खेळत होती.

सेवा थांबवली गेली, चौकशी झाली. उपाय काय निघाला? एकाऐवजी दोन दोर लावायचे, त्यांना धातूच्या वेणीची मजबुती द्यायची आणि इशाऱ्याच्या शिटीचा आवाज वाढवायचा. कोट्यवधींच्या तंत्रज्ञानात कमी पडला तो एक दोर. मला तरी या सगळ्या विषयातली ही सगळ्यात शिकवणारी घटना वाटते, कारण सेन्सरने आणि कॉम्प्युटरने आपापलं काम चोख केलं होतं.

म्हणूनच 'पॅराशूट आहे' एवढं म्हणून भागत नाही, ते तपासलेलं हवं. २०१८ मध्ये एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ड्रोनच्या पॅराशूटसाठी एफ३३२२ नावाचं मानक आणलं. त्यात एकाच मॉडेलच्या ड्रोनवर वेगवेगळ्या बिघाडांत मिळून ४५ वेळा पॅराशूट उघडून दाखवावं लागतं. म्हणजे एका मॉडेलसाठी पास झालेलं पॅराशूट दुसऱ्या मॉडेलवर चिकटवलं की ते पास राहत नाही. या मानकाच्या आधारावर जून २०१९ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने पहिल्यांदाच पॅराशूट लावलेल्या ड्रोनला लोकांवरून उडायची सूट दिली. ती मिळाली हेन्सेल फेल्प्स या बांधकाम कंपनीला. ड्रोनवर पॅराशूट होतं इस्रायलच्या पॅराझिरो कंपनीचं.

आपला कायदा काय म्हणतो?

भारतात २०२१ चे ड्रोन नियम आहेत. वजनावरून पाच वर्ग पडतात. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, दोन किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, १५० किलोपर्यंत मीडियम आणि त्यावर लार्ज. या नियमांत सक्तीच्या सुरक्षा सोयी म्हणून तीन गोष्टींची नावं घेतलीत. परवानगी नसेल तर उड्डाणच होऊ न देणारी यंत्रणा, ड्रोन कुठे आहे ते सतत सांगणारा बीकन आणि ठरलेल्या हद्दीबाहेर जाऊ न देणारं कुंपण. याही केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्यावर लागू व्हायच्या. पॅराशूटचं नाव त्यात नाही.

नीट बघितलं तर या तिन्ही गोष्टी ड्रोन कुठे जातो याच्या आहेत. तो पडला तर काय, याच्या नाहीत. त्यासाठी नियमांत आहे तो विमा. नॅनो सोडून बाकी ड्रोनना तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा लागतो, आणि अपघात झाला तर ४८ तासांत कळवावं लागतं. म्हणजे पडल्यानंतरची सोय आहे, पडतानाची नाही.

आपल्या उपनगरांत मात्र नियमाचा पहिला अडथळा जागेचाच आहे. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मोकळीक, त्याच्या वर आणि ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात विमानतळाच्या नियंत्रण कक्षाची परवानगी. त्याहून जवळ असेल तर विसराच. अंधेरी आणि घाटकोपर म्हणजे तर धावपट्टीचे शेजारीच. शिवाय मुंबई पोलिस सुरक्षेच्या कारणावरून वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात ते वेगळेच. उडवायच्या आधी सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर आपली जागा कोणत्या रंगात येते ते बघता येतं, आणि ते फुकट आहे.

आता एक गंमत. गंमत कसली, पंचाईत. वर्ग ठरतो तो ड्रोनवर लावलेल्या सगळ्या सामानासकटच्या वजनावर. २४९ ग्रॅमचा ड्रोन नॅनोत बसतो, त्याला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, विमा लागत नाही. पण उद्या त्याच्या मालकाने शहाणपणा करून त्यावर शंभर ग्रॅमचं पॅराशूट लावलं की तो झाला मायक्रो. धंद्यासाठी उडवत असेल तर प्रमाणपत्र आलं, विमा आला. म्हणजे खालच्या माणसाची काळजी घेणाऱ्यालाच जास्त कागद. मग तो पॅराशूट लावेल की २४९ ग्रॅमचा स्टिकर दाखवत फिरेल, तुम्हीच सांगा.

वारा, वायरी आणि पावसाळा

समजा सगळं जमलं. परवानगी आहे, ड्रोन २०० फुटांवर आहे, पॅराशूट चांगलं आहे. मुलुंडमधल्या एखाद्या टॉवरच्या काचा किंवा गळती तपासायला ड्रोन वर गेलाय. बिघाड होतो, पॅराशूट उघडतं. पाच मीटर प्रति सेकंदाने ६० मीटर उतरायला लागतात बारा सेकंद. या बारा सेकंदांत ड्रोन कोणाच्याच हातात नसतो. तो वाऱ्याच्या हातात असतो.

पावसाळ्याच्या तोंडावर ताशी ३० किलोमीटरचा वारा ही काही मोठी गोष्ट नाही. त्या वाऱ्यात बारा सेकंदांत ड्रोन वाहून जातो सुमारे शंभर मीटर. तुमच्या सोसायटीच्या गेटपासून शंभर मीटरवर काय आहे ते आठवा. कोणाकडे एलबीएस रोड, कोणाकडे एक्स्प्रेस हायवे, कोणाकडे रेल्वे लाईन, कोणाकडे मेट्रोचा पूल. लोकलच्या वरच्या वायरीत २५ हजार व्होल्ट असतात आणि वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोच्याही. दीड मीटरचं नायलॉनचं कापड, दोर आणि कार्बन फायबरचा ड्रोन तिथे अडकला तर संध्याकाळी सहाला काय होईल, हे लोकलच्या प्रवाशाला सांगायला नको. पॅराशूट नसतं तर ड्रोन सोसायटीच्या आवारातच पडला असता, जिथे माणसं आधीच बाजूला केली असतील. पॅराशूट होतं म्हणून तो रस्त्यावर गेला. म्हणजे पॅराशूट धोका कमी करतं, पण त्याचबरोबर तो पसरवतंही. म्हणूनच शहाणे ऑपरेटर त्या दिवशीचा वारा बघून खालची मोकळी जागा किती मोठी हवी ते ठरवतात, आणि तेवढी जागा मिळत नसेल तर उडवत नाहीत. उपनगरात तेवढी जागा बहुतेक वेळा मिळत नाही, हे कटू असलं तरी खरं आहे.

हा मुद्दा आपल्याकडे आणखी वाढणार आहे. मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाने २०२० मध्येच रुळांवर आणि यार्डांवर नजर ठेवायला दोन 'निंजा' ड्रोन घेतले होते, दोन किलोपर्यंत वजनाचे, २५ मिनिटं उडणारे. शेजारच्या पालघर जिल्ह्यात २०२१ मध्ये जव्हारहून झाप गावाला ड्रोनने कोरोनाच्या लसी गेल्या. जिथे रस्त्याने चाळीस मिनिटं लागतात तिथे नऊ-दहा मिनिटांत. हे काम झकास आहे, ते व्हायलाच हवं. पण जव्हारच्या डोंगरावरून उडणं आणि उद्या कोणी साकीनाक्यावरून औषधाचं पार्सल नेणं, या दोन्हींत खालच्या माणसांची संख्या बघा.

आणि राहिला पावसाळा. ओली छत्री तशीच घडी घालून कपाटात टाकली तर चार दिवसांनी तिचं काय होतं, ते आपल्याला माहितीय. कापड चिकटतं, वास येतो, काड्यांना गंज धरतो. पॅराशूटही डब्यात दाबून भरलेलं कापडच आहे. मुंबईच्या दमट हवेत ते महिनोन्महिने न उघडता पडून राहिलं तर ऐन वेळी ते झटक्यात पसरेलच असं नाही. बनवणारी कंपनी ठरावीक काळाने ते पुन्हा घडी करून बसवायला सांगते, आणि घडी घालणं हेही शिकलेल्या हाताचंच काम. पॅराशूट विकत घेणारे भेटतात, त्याच्या घडीची तारीख लिहून ठेवणारे कमी.

तुम्ही काय विचारायचं?

सोसायटीच्या दुरुस्तीसाठी, लग्नासाठी किंवा गणपतीच्या मिरवणुकीसाठी कोणी ड्रोन आणत असेल तर त्याला ड्रोनचा कॅमेरा किती 'के'चा हे नंतर विचारा. आधी विचारा की नोंदणी आणि विमा आहे का. आज या जागेवर उडवायची परवानगी आहे का. पॅराशूट असेल तर ते याच मॉडेलसाठी तपासलेलं आहे का, किती उंचीच्या खाली ते चालत नाही आणि घडी शेवटची कधी घातली. या शेवटच्या प्रश्नावर समोरचा जरा अडखळला तर ड्रोन गर्दीपासून लांब, मैदानाच्या कडेने उडवायला सांगा. रील तशीही छान येते.

आणि समजा एखादा ड्रोन पॅराशूटसकट तुमच्या गॅलरीत, गच्चीवर किंवा गाडीवर येऊन पडला, तर पहिल्यांदा त्याला हात लावू नका. पंखे थांबलेले दिसले तरी ते पुन्हा फिरू शकतात. त्यातली लिथियमची बॅटरी आपटून आतून फुटली असेल तर लगेच काही दिसत नाही, ती काही वेळाने फुगते आणि मग पेट घेते. मुलांना आत घ्या, लांबून फोटो काढून ठेवा, धूर किंवा उग्र वास आला तर १०१ ला फोन करा, नाहीतर पोलिसांना ११२ वर कळवा. तो रेल्वेच्या वायरीवर लटकत असेल तर काठीने काढायचा मोह तर अजिबात नको. ओल्या दोरीतूनही वीज खाली येते. तिथे १३९ लावायचा आणि त्यांना पोलचा नंबर सांगायचा. प्रत्येक खांबावर तो रंगवलेला असतो.